हॉयट ग्रिझलचं त्रेसष्ट

हॉयट ग्रिझलला मी पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी आमच्या डलॉनेगाच्या पोस्टातली रांग दारातून बाहेर पडली, चौक ओलांडून गेली आणि जुन्या कोर्टाला वळसा घालून पोस्टाच्या मागच्या दाराने पुन्हा आत आली. त्या रांगेत दोन अनोळखी माणसांचं लग्न ठरलं. एका बाईचं रांगणारं मूल रांगेतच चालायला शिकलं. एक म्हातारा भावाला वाढदिवसाचं कार्ड टाकायला आला होता. त्याचा नंबर येईपर्यंत भावाचा पुढचा वाढदिवस आला. आणि हे सगळं होत असताना मी, नोकरीला लागून तीन आठवडे झालेला कारकून, काउंटरवर एकाच माणसाच्या एकाच पार्सलवर शिक्के मारत होतो.

पार्सल बुटांच्या खोक्याएवढं. त्यावर तपकिरी कागदी पट्टी अशी गुंडाळली होती, की इजिप्तच्या राजांनाही मेल्यावर एवढं कोणी गुंडाळलं नसेल. रजिस्टर्ड पार्सलचा नियम असा, की पट्टी जिथे जिथे कागदाला चिकटते तिथे तिथे पोस्टाचा गोल शिक्का पडला पाहिजे, म्हणजे वाटेत कोणी उघडून पुन्हा चिकटवलं तर कळतं. मी सतरा शिक्के मारले आणि पार्सल बाजूला ठेवायला उचललं.

“ठेव खाली,” समोरचा माणूस म्हणाला.

“झालं की.”

“हा बघ. अर्धाच उमटलाय.”

“अर्धा चालतो, साहेब.”

“कोणाला चालतो? चोराला चालतो. अर्ध्या शिक्क्यातून अख्खा चोर आत जातो.”

मी पुन्हा मारला. तो हलला, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढचा फिका होता. त्याच्या पुढचा बरा होता, पण तो बरा आहे म्हटल्यावर आधीचे सगळे वाईट ठरले. शेवटी पार्सलवर कागद दिसेनासा झाला, नुसती तारीख दिसत होती.

“आत काय आहे?” मी विचारलं. नियमाने विचारावंच लागतं.

“तुझा काय संबंध?”

“विमा उतरवायचा तर किंमत सांगावी लागेल.”

तो काउंटरवर ओणवा झाला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि माझ्या कानात किंमत कुजबुजला. त्याची कुजबूज ऐकून समोरच्या बँकेतल्या दोन बायकांनी माना वर केल्या. मग सरळ उभं राहत, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचत तो म्हणाला, “ओडम. लक्षात ठेव, ओडम. हे हरवलं ना, तर तुझ्या घराची टाकी मी जन्मात उपसणार नाही.”

मी हसलो. मी नवा होतो. आमच्या लंपकिन काउंटीत गावाबाहेर गटाराची लाइन नाही, प्रत्येक घरामागे जमिनीत आपापली टाकी, आणि त्या उपसायला सगळ्या डोंगरांत मिळून दोन ट्रक, हे मला घरी गेल्यावर बायकोने सांगितलं. त्यातला एक ट्रक महिन्यातले वीस दिवस बंद असायचा. दुसरा ग्रिझलचा. त्या रात्री मी जेवलो नाही.

माणूस अंगाने फारसा मोठा नव्हता, पण रागाने भरून भरून मोठा दिसायचा. चेहरा आमच्या मातीसारखा लाल. बारा महिने चौकड्यांचा जाड शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. ट्रकच्या टाकीवर त्याने पिवळ्या रंगात लिहून घेतलं होतं: ‘ग्रिझल. तुम्ही बसा, आम्ही बघतो.’ एवढा एक विनोद त्याने आयुष्यात केला आणि तोही पेंटरने सुचवला असणार, कारण त्यावर कोणी हसलं की ग्रिझल त्या माणसाकडे संशयाने बघायचा.

आणि हा माणूस सोन्याची नाणी जमवत होता. सगळी नव्हे. फक्त आमच्या गावची. आमच्या डोंगरात सोनं निघालं म्हणून सरकारने इथे टांकसाळ काढली, तेवीस-चोवीस वर्षं नाणी पाडली, मग उत्तर-दक्षिण लढाई लागली आणि ती बंद पडली. त्या नाण्यांवर गरुडाच्या खाली इंग्रजी डी हे अक्षर असतं. डोंगरातल्या गरीब लोकांनी ती खिशात घातली, बैल विकत घेतले, दारू प्याले, आणि नाणी झिजून गुळगुळीत झाली. न झिजलेली फार थोडी उरली. म्हणून झिजलेल्याला एक किंमत आणि न झिजलेल्याला दुसरी, आणि या दोन किमतींच्या मधल्या दरीत आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांचे संसार पडलेले आहेत.

न झिजलेलं कशावरून, हे ठरवायला दूरच्या राज्यात एक कंपनी आहे. तिथे तीन माणसं दिव्याखाली बसतात, नाणं फार तर दहा-वीस सेकंद बघतात आणि त्याला सत्तरपैकी मार्क देतात. साठच्या पुढे म्हणजे कधी कोणाच्या खिशात न गेलेलं. मग ते प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात आणि डबीवर आकडा छापतात. पुढे त्या नाण्याचं नाव, गाव, वय कोणी विचारत नाही. आकडा विचारतात.

आमचा क्लब दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात भरायचा. पंधरा सभासद. नाणी जमवणारा माणूस एकटा असताना भला असतो. पंधरा एकत्र आले की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, बाकीचे चौदा लवकर मरावेत आणि त्यांच्या विधवांना भाव माहीत नसावेत, अशी प्रार्थना दिसते. मी तांब्याची सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या हिश्श्याची नाणी, जमवतो. त्यामुळे माझी गणती माणसांत होत नसे. पण सगळ्यांची पार्सलं माझ्या हातून जात, कोणी काय मागवलं आणि बायकोला काय सांगितलं हे मला ठाऊक, म्हणून मला बाहेर ठेवणंही कोणाला परवडत नव्हतं.

अध्यक्षा मिस युनिस लेडबेटर. शाळेत पन्नास वर्षं इतिहास शिकवला. क्लबातल्या बारा जणांना त्यांनी कधी ना कधी कोपऱ्यात उभं केलेलं होतं, आणि गरज पडली तर आताही करतील असा त्यांचा आवाज होता. आणि खजिनदार, दातांचे डॉक्टर रॉयस सॅटरफील्ड. त्यांनी निम्म्या काउंटीचे दात काढले होते. उरलेल्या निम्म्यांना दात नव्हते. नेहमी इस्त्रीची पँट, नेहमी हसरा चेहरा, नेहमी मऊ आवाज. ग्रिझलला या तिन्ही गोष्टींचा राग होता.

मूळ राग मात्र एका लिलावाचा. गेन्सव्हिलला एका म्हातारीच्या मागे राहिलेल्या सामानात आमच्या टांकसाळीचं १८४३ सालचं पाच डॉलरचं नाणं निघालं होतं. ग्रिझल आणि डॉक्टर दोघेच बोली चढवत राहिले. तेवढ्यात लिलाववाल्याच्या टेबलावरचा फोन वाजला: ग्रिझल इथे आहे का, आमची टाकी भरून अंगणात आलीय, बाळाच्या बारशाला पाहुणे आलेत. ग्रिझल फोन घ्यायला गेला. परत आला तेव्हा डॉक्टर खिशातून चेकबुक काढत होते. पुढे ग्रिझलने शोध लावला, की ज्या घरून फोन आला ते डॉक्टरांच्या चुलत मेव्हणीचं घर होतं.

“टाकी खरंच भरली होती, हॉयट,” डॉक्टर वीस वर्षं सांगत आले. “तू स्वतःच उपसलीस.”

“भरली नव्हती. भरवली होती,” ग्रिझल म्हणायचा.

ते १८४३ डॉक्टरांनी कंपनीकडे पाठवलं आणि त्याला बासष्ट मिळाले. ऑक्टोबरात आमच्या गावात सोन्याची जत्रा भरते, त्यात क्लबाचं प्रदर्शन असतं, आणि प्रदर्शनाच्या दारातली पहिली काचपेटी आमच्या टांकसाळीच्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या नाण्याला मिळते. अकरा वर्षं त्या पेटीत डॉक्टरांचं बासष्ट बसलं होतं. पेटीवर पितळी पाटी, पाटीवर डॉक्टरांचं नाव. ग्रिझल प्रदर्शनाला मागच्या दाराने यायचा.

मग त्याने १८४६चं नाणं घेतलं. अटलांटाच्या बाजारात, अकरा हजार डॉलरला. दुसरा ट्रक घ्यायला साठवलेले पैसे होते ते. नाणं कोटाच्या बटणाएवढं.

“अकरा हजार,” त्याची बायको व्हर्ना पोस्टात तिकिटं घेता घेता मला म्हणाली, “आणि मला हात लावायची बंदी. मी त्याला म्हटलं, हॉयट, अकरा हजारांत मला स्वयंपाकघर मिळालं असतं आणि मी तुला त्याला खुशाल हात लावू दिला असता.”

त्या नाण्याचा आकडाही बासष्ट. बरोबरी झाली, तर क्लबाचा नियम असा की जुन्या सभासदाचं नाणं पेटीत. डॉक्टर ग्रिझलपेक्षा आठ महिन्यांनी जुने.

म्हणजे ग्रिझलला हवा होता एक आकडा. फक्त एक. त्याचं म्हणणं होतं की नाणं त्रेसष्टचंच आहे, त्या तीन आंधळ्यांना दिसलं नाही. गरुडाच्या मानेवरची पिसं पुसट आहेत, ती झीज नव्हे. आमच्या टांकसाळीचे ठसेच कच्चे, जन्मतःच ती मान तशी. हे तो क्लबात सांगायचा, चर्चमध्ये सांगायचा, टाकीच्या झाकणावर उभा राहून ज्यांची टाकी उपसत असेल त्यांना सांगायचा. ते बिचारे नाकाला रुमाल लावून मान हलवायचे. ग्रिझलला वाटायचं पटलं.

दोनदा त्याने डबीसकट नाणं पुन्हा कंपनीकडे पाठवलं. त्याची एक सोय असते: डबी बंद असेल तर ते आकडा वाढवतील नाहीतर तोच ठेवतील, कमी करणार नाहीत. दोन्ही वेळा बासष्टच आलं.

“येणारच!” ग्रिझल क्लबात गरजला. “डबीवर बासष्ट वाचतात आणि बासष्ट लिहितात. मास्तर जुनं प्रगतिपुस्तक बघून मार्क देतो, तसे.”

“मी तसं कधीच केलं नाही,” मिस युनिस म्हणाल्या. “तुला मी दर वर्षी नव्याने नापास केलं.”

डॉक्टर उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. क्लबात दर मीटिंगला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचं मोठं पातेलं आणि बर्फ घातलेला गोड चहा असतो. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि मऊ आवाजात म्हणाले, “एवढी खात्री आहे तर फोड ना डबी.”

सगळ्यांच्या माना ग्रिझलकडे वळल्या.

डबी फोडून नाणं उघडं पाठवणं म्हणजे काय, ते सांगतो. ते नाणं मग कोणाचंच नसतं. जुना आकडा गेला. तिघं ते नव्याने बघणार: त्रेसष्ट देतील, एकसष्ट देतील, मनात आलं तर अठ्ठावन्न देतील. काही धाडसी लोक फोडतात आणि श्रीमंत होतात. बाकीच्यांची नावं आपण ऐकत नाही.

“हॉयट, नको,” मिस युनिस म्हणाल्या.

“पुढच्या मीटिंगला,” ग्रिझल म्हणाला. “इथेच. सगळ्यांसमोर. आणि दातपाड्या, तू पहिल्या रांगेत बस.”

“मी भिंग घेऊन येतो,” डॉक्टर म्हणाले.

सप्टेंबरच्या त्या शनिवारी पंधराच्या पंधरा सभासद हजर होते. दोघे तर असे आले होते, की ते मेले असं आम्ही धरून चाललो होतो. व्हर्नाही आली होती. ती मागे खुर्ची घेऊन विणकाम करत बसली, फाशी बघायला आलेल्या बाईसारखी. टेबलावर चार पदरी टॉवेल. ग्रिझलने खिशातून नळाचा पाना काढला.

“पक्कड वापरतात,” मी म्हणालो.

“तू सेंट जमव, ओडम.”

त्याने डबीची कड पान्यात धरली आणि हळूहळू आवळली. कट्. प्लास्टिक दुभंगलं. व्हर्नाच्या सुया थांबल्या. ग्रिझलने दोन बोटांनी कडा धरून नाणं उचललं आणि टॉवेलवर ठेवलं. आम्ही सगळ्यांनी त्याच क्षणी तोंडावर हात धरले. कोणी सांगावं लागत नाही. उघड्या नाण्यावर बोलायचं नाही, हे नाणी जमवणाऱ्याला आईच्या दुधाबरोबर मिळतं. बोलताना थुंकी उडते, थुंकीचा कण सोन्यावर सुकतो आणि तिथे डाग धरतो. पंधरा माणसं तोंडावर हात धरून टेबलाभोवती वाकली होती. बाहेरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, टेबलावर काहीतरी कुजलेलं आहे.

नाणं सुंदर होतं. हे मी रागाने कबूल करतो. डबीत ते झोपल्यासारखं दिसायचं. बाहेर आल्यावर त्याने डोळे उघडले. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावरून पिवळा, किंचित तांबूस उजेड असा सरकत होता की गाल कोमट असावा.

डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं. एका हातात भिंग, दुसरा हात टेबलावर टेकवलेला. म्हणजे तोंडावर हात नाही. ज्या माणसाने जन्मभर तोंडाला मास्क बांधून लोकांच्या तोंडात बघितलं, त्याने. ते वाकले. आणखी वाकले. बराच वेळ बघितलं. आणि मग, आनंदाने, अगदी मनापासून, ते म्हणाले, “बासष्ट!”

‘सष्ट’ म्हणताना कोणाच्याही तोंडातून थोडं उडतंच.

एक थेंब. टाचणीच्या डोक्याहून लहान. तो देवीच्या गालावर पडला आणि चमकला.

“कोणी हात लावू नका!” मिस युनिस ओरडल्या. “माझ्या कपाटात शुद्ध ॲसिटोन आहे. नखांच्या रंगवाल्यांकडचं नव्हे, शुद्ध. बशीत बुडवायचं, उचलायचं, वाऱ्यावर सुकू द्यायचं. काही होत नाही. हॉयट, ऐकतोस ना? काही होत नाही!”

त्या कपाटाकडे वळल्या होत्या. सहा पावलं जायचं, सहा पावलं यायचं. या बारा पावलांत हॉयट ग्रिझलने आयुष्य घालवलं.

चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांवर खेकसत आला होता: कडेला धर, बोट लावू नकोस, पुसू नकोस, पुसणाऱ्याचा हात झडो. एकदा एका पाहुणीने स्वतःचं चांदीचं नाणं झग्याला घासलं, तेव्हा ग्रिझलने तिला हॉलबाहेर काढलं होतं. आणि आता त्याने देवीच्या गालावर डॉक्टरची थुंकी बघितली, चेहरा लाल होता तो जांभळा झाला, आणि त्याने डाव्या हाताची बाही बोटांवर ओढून नाणं पुसलं.

एकदाच. आईने लेकराचं तोंड पुसावं तसं.

त्या बाहीत लंपकिन काउंटीची निम्मी लाल माती होती.

तोंडावरचे हात तिथेच राहिले. मिस युनिस बाटली घेऊन वळल्या, त्यांनी त्याच्या बाहीकडे बघितलं आणि बाटली हळूच पुन्हा कपाटात ठेवली.

डॉक्टरांनी भिंगातून बघितलं. या वेळी तोंडावर हात धरून. नंतर दोन पावलं मागे सरून म्हणाले, “ओरखडे आलेत, हॉयट. बारीक आहेत. पण आहेत.”

“तू थुंकलास!”

“थुंकलो. चुकलो. थुंकी धुऊन गेली असती. तू पुसलंस.”

“तू थुंकलास म्हणून मी पुसलं!”

“युनिस सहा पावलांवर होती!”

“वीस वर्षं! वीस वर्षं वाट बघितलीस ना थुंकायला? आधी टाकी भरवलीस, आता तोंड भरून आलास!”

“टाकी खरंच भरली होती!” डॉक्टर पहिल्यांदाच ओरडले. मऊ आवाज फाटला की आत काय असतं ते आम्ही त्या दिवशी ऐकलं.

ग्रिझलने हाताला लागलं ते उचललं. ते शेंगांचं पातेलं होतं. मिठाचं पाणी आणि दोन किलो शेंगा डॉक्टरांच्या इस्त्रीच्या पँटवरून खाली ओघळल्या. मिस युनिसनी टेबलावर हातोडा आपटला, सभा संपली असं जाहीर केलं आणि दोघांना दोन कोपऱ्यांत उभं केलं. दोघेही उभे राहिले. ग्रिझल एकोणसाठ वर्षांचा होता, डॉक्टर अडुसष्ट.

व्हर्नाने विणकाम पिशवीत भरलं. “चल,” ती नवऱ्याला म्हणाली. “शर्ट काढून दे घरी गेल्यावर. धुवायला हवा.”

“तू खळ घालतेस!” तो कोपऱ्यातून ओरडला. “खळीनेच ओरखडे आले!”

“हॉयट,” ती म्हणाली, “तुझ्या कपड्यांना खळ घालणं म्हणजे डुकराला मोती. बत्तीस वर्षांत एकदाही घातली नाही.”

तरी त्याने नाणं पाठवलंच. आशा ही अशी गोष्ट आहे, की भिंगातून ओरखडे दिसत असले तरी डोळे बारीक केल्यावर दिसत नाहीत. सोमवारी सकाळी पार्सल घेऊन माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “बघतोस काय? मार.” मी शिक्के मारले. त्यातले दोन हलले, एक फिका होता. या वेळी त्याने मोजले नाहीत, पण माझ्या टाय बांधण्याच्या पद्धतीवर, सरकारवर आणि माझ्या आईच्या माहेरावर तो जे बोलला त्यावरून तब्येत ठीक असल्याचं कळलं.

जत्रेच्या तीन दिवस आधी ते परत आलं. मी फोन केला. तो ट्रक घेऊन आला, ट्रक चालू ठेवून आत आला, आणि काउंटरवरच, माझ्याच कात्रीने, पार्सल उघडलं. नवी डबी. वर छापलेलं: डलॉनेगा, १८४६, पाच डॉलर. अस्सल. साफ केलेलं, म्हणजे पुसून बिघडवलेलं. आकड्याच्या जागी काही नव्हतं.

त्याने डबी उलटी केली. मागेही काही नव्हतं.

“किती दिले?” मी विचारलं. मला दिसत होतं, तरी विचारलं. अठरा वर्षांच्या शिक्क्यांचा राग कुठेतरी निघायचाच.

“शून्य दिले असते तर निदान आकडा असता,” तो म्हणाला, आणि मग आवाज चढवून, “तूच आपटलं असशील! तुझे ते शिक्के! धाडधाड! हातोडा मारल्यासारखे!”

“मी बाहीने मारत नाही, हॉयट.”

रांगेतले लोक हसले. मी ते बोलायला नको होतं. पण बोललो.

घरी काय झालं ते व्हर्नाने सांगितलं. तिने डबी उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, “आकडा नाही ना? मग आता मी हातात घेतलं तर काय कमी होणार?” त्याने डबी हिसकावून घेतली आणि जेवणाच्या टेबलावरून उठून गेला. मिरचीच्या चीजची सँडविचेस तशीच राहिली. ती तिने खाल्ली.

जत्रेच्या शनिवारी दारातल्या पहिल्या काचपेटीत डॉक्टरांचं बासष्ट बसलं. सलग बाराव्या वर्षी. डॉक्टर नवी पँट घालून पेटीशेजारी उभे होते. दहा वाजता दार उघडलं आणि सव्वादहाला हॉलच्या बरोबर समोर, वाऱ्याच्या बाजूला, पिवळ्या अक्षरांचा ट्रक येऊन उभा राहिला. ग्रिझलने खाली उतरून टाकीचं वरचं झाकण उघडलं, पायरीवर बसला आणि डबा उघडून जेवायला लागला.

बाहेरगावाहून आलेले लोक दारातून आत यायचे ते नाक धरून, धावत. पहिली पेटी ओलांडून थेट मागच्या भिंतीपर्यंत. तिथे माझी तांब्याची सेंट होती. माझ्या आयुष्यात माझ्या सेंटना एवढी गर्दी झाली नाही.

डॉक्टर बाहेर गेले. “हॉयट, ट्रक हलव.”

“रस्ता सरकारी आहे. परवाना आहे. मी जेवतोय.”

“लहान मुलं आहेत आत.”

“मग त्यांच्यावर बोलू नकोस.”

शेवटी मिस युनिस आल्या. हातात नाणी हाताळायचे पांढरे हातमोजे होते. त्या पायरीपाशी थांबल्या, नाकाला रुमाल न लावता. “हॉयट,” त्या म्हणाल्या, “तुझं नाणं त्रेसष्टचं होतं. मी चांगलं बघितलं होतं, डबी फुटल्यावर. आता ट्रक हलव.”

त्याने जेवणाचा डबा बंद केला. मग टाकीचं झाकण लावलं.

“हे तुम्ही त्याच्यासमोर म्हणाल?” त्याने विचारलं.

“नाही,” मिस युनिस म्हणाल्या. “त्याने माझे चार दात फुकट बसवलेत.”

ग्रिझल ट्रकमध्ये बसला, जाता जाता त्याने डॉक्टरांच्या गाडीच्या आरशाला थोडंसं खरचटवलं आणि निघून गेला. क्लबात तो नंतर आला नाही. डॉक्टर येत राहिले. शेंगा खात, कोणाशी न भांडता, जरा बावळटासारखे बसून. एकदा पोस्टात येऊन त्यांनी उगाचच एक तिकीट घेतलं आणि विचारलं, “हॉयटची काही पार्सलं वगैरे?”

“ते गुप्त असतं, डॉक्टर.”

“माझ्याबद्दल काही बोलतो का?”

“बोलतो.”

“काय बोलतो?”

मी सांगितलं. सगळं इथे लिहिता येणार नाही, त्यात त्यांच्या आजोबांपर्यंतची माणसं होती. डॉक्टरांचा चेहरा उजळला. “म्हणजे बरा आहे,” ते म्हणाले, आणि तिकीट काउंटरवरच विसरून गेले.

जानेवारीत ग्रिझलने ते नाणं अटलांटाच्या एका व्यापाऱ्याला बेचाळीसशे डॉलरला विकलं. त्यातून ट्रकला नवा पंप बसवला. पंप चांगला चालतो.